साखर संपल्यावर उरणारा मध

गोव्याच्या माणसाला आंबवण्याची विद्या शिकवावी लागत नाही. पहाटे माडावरून उतरवलेली सूर, म्हणजे माडी, दुपारपर्यंत फेसाळते, काही दिवस तशीच राहिली तर व्हिनेगरच्या वाटेला लागते, आणि तिच्याच जोरावर इडलीसारख्या सान्नांचे पीठ फुगते. मार्च उजाडला की सत्तरी, पेडणे, डिचोली या भागांत काजूची बोंडे तुडवली जातात, रस मडक्यांत भरून ठेवतात, आणि तीन-चार दिवसांत तो भाटीवर चढवण्याजोगा होतो. त्याच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून उर्राक निघतो, दुसऱ्यातून फेणी. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून हे ज्ञान इथल्या अंगणांत नांदत होते. मात्र याच घरांच्या फडताळात मधाची बाटली वर्षानुवर्षे उभी असते आणि तिला काहीही होत नाही. खोकल्याला चमचाभर, देवाच्या पंचामृताला चमचाभर, एवढेच तिचे काम. त्या बाटलीतही एक मद्य दडलेले आहे, आणि ते माणसाच्या सर्वांत जुन्या मद्यांपैकी एक आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मध आंबत नाही, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पिकलेल्या मधात पाण्याचे प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आत असते आणि उरलेला जवळजवळ सगळा भाग साखरेचा असतो. इतक्या दाट साखरेत पडलेल्या सूक्ष्म जीवाच्या अंगातले पाणीच ओढले जाते, त्यामुळे तो वाढू शकत नाही. त्यातच मध आम्लधर्मी असतो. यीस्टच्या काही जाती मधात मुळातच असतात, पण त्या निपचित पडून राहतात. मधात पाणी मिसळताच हा सगळा तोल बदलतो आणि ज्याने इतकी वर्षे आंबण्याला दाद दिली नाही, तोच पदार्थ आंबू लागतो. मध, पाणी आणि यीस्ट या तिघांपलीकडे मधाच्या वाईनला, म्हणजे मीडला, तत्त्वतः कशाचीच गरज नसते. चीनमधील जियाहू येथे सापडलेल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत तांदूळ, फळे आणि मध यांच्या मिश्र मद्याचे अंश मिळाले आहेत. इथिओपियात गेशो नावाच्या झुडपाची पाने आणि काड्या घालून केलेले ‘तेज’ आजही रोजच्या व्यवहारातले पेय आहे. पोलंडमध्ये तर मध आणि पाण्याच्या प्रमाणावरूनच मीडचे प्रकार ठरतात: एक भाग मधाला अर्धा भाग पाणी, एक भाग, दोन भाग किंवा तीन भाग. सर्वांत दाट प्रकार तीन वर्षे मुरवावा लागतो, सर्वांत पातळ नऊ महिने. आपल्याकडे आयुर्वेदाने आसवे आणि अरिष्टे यांची जी परंपरा जपली, तिच्यातही मध आहे आणि आंबण्यासाठी घातलेली धायटीची फुले आहेत. सह्याद्रीच्या उतारांवर ही धायटी तांबड्या फुलांनी भरून जाते, तेव्हा मला हटकून त्या जुन्या वैद्यांची आठवण येते. फुलावर बसणारे यीस्ट त्यांना दिसत नव्हते, पण कोणते फूल घातले म्हणजे काम होते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

घरी मीड करू लागल्यावर माझी जी एक धारणा पक्की झाली, ती सांगण्यासाठी हा लेख आहे. मधाचा गोडवा मधाची ओळख झाकतो. चमचाभर मध जिभेवर ठेवला की साखर इतकी पुढे येते की बाकीचे सगळे तिच्या मागे लपते. यीस्ट ती साखर खाऊन टाकते. मग जे उरते, ते फुलांचा गंध, आम्ले, खनिजे, परागांचे कण, किंचित कडवटपणा किंवा तुरटपणा. शंभर ग्रॅम मधातून पाणी आणि साखर वजा केल्यावर उरणारा हा ऐवज जेमतेम काही ग्रॅमांचा असतो. पण एका रानाचा मध दुसऱ्या रानाच्या मधाहून वेगळा ठरतो तो त्या काही ग्रॅमांमुळेच. म्हणून मीडमध्ये वाईट मध लपत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील मधात साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे उघड केले, तेव्हा देशभर चर्चा झाली. तसा भेसळीचा मध आंबवला तर मद्यार्क तयार होतो, पण पेल्याला नाक लावल्यावर तिथे काहीच नसते, कारण पाकात जाण्यासारखी साखर होती आणि उरण्यासारखे काही नव्हतेच.

तेव्हा मीडचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय बरणी धुण्याच्या कितीतरी आधी घ्यावा लागतो: मध कोणाचा, कुठला आणि कोणत्या महिन्याचा. गोव्यात पेटीत पाळली जाते ती मुख्यतः सातेरी माशी. कड्यांवर आणि उंच झाडांवर मोठी उघडी पोळी बांधणारी आग्या माशी पेटीत राहत नाही, तिचा मध रानातून येतो. सातेरीची वसाहत वर्षाकाठी काही किलो मध देते. युरोपीय मेलिफेरा माशीच्या मानाने हे उत्पन्न फार कमी. मी दोन ठिकाणचा मध घेतो. एक फोंडा तालुक्यातल्या कुळागरातला, जिथे माड, पोफळी, केळी आणि मिरवेलींच्या सावलीत पेट्या ठेवलेल्या आहेत. दुसरा सत्तरीतला, म्हादई अभयारण्याच्या कडेच्या गावातला, जिथे माशांना जांभूळ, मट्टी आणि रानातली कितीतरी झाडे मिळतात. सत्तरीत पेट्या ठेवणाऱ्या भाऊंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मध किती मिळेल असे विचारले. त्यांनी उत्तर देण्याआधी मला पेटी उघडून दाखवली आणि म्हणाले, “मेणाने तोंड बंद केलेली घरे आहेत तेवढाच मी काढतो. उघड्या घरातला मध अजून पातळ असतो. आणि खालचा सगळा साठा त्यांचा. पावसात त्या काय खाणार?”

या बोलण्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही मीड करणाऱ्याने मनावर घ्याव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे पिकलेला मध. आपल्या दमट किनारपट्टीवर सातेरीच्या मधात पाणी अधिक राहते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मधातील पाण्याची मर्यादा वीस टक्के ठरवली आहे, आणि त्या मर्यादेपलीकडचा मध बाटलीतच आपल्या मर्जीने आंबू लागतो, झाकण उघडताच फसफसतो. असा मध मीडसाठी घ्यावा असे कोणाला वाटेल, पण रानटी यीस्टने आणि आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी त्यात आधीच काय करून ठेवले आहे याचा भरवसा नसतो. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर सततच्या पावसात माशांना बाहेर पडता येत नाही, फुलेही बेताचीच असतात, आणि सातेरी अशी माशी आहे की पोटाला पुरत नाही असे दिसले तर ती पेटी सोडून सरळ निघून जाते. चार लिटर मीडसाठी मला सव्वा किलोच्या आसपास मध लागतो. एका वसाहतीच्या वर्षाच्या देण्यातला तो केवढा मोठा वाटा आहे, हे ज्याने पेटीत डोकावून पाहिले आहे तो मध वाया घालवत नाही. भाव करताना घासाघीस करण्याचीही मग इच्छा राहत नाही.

मध कसा काढला, यालाही महत्त्व आहे. पोळे पिळून काढलेल्या मधात पराग आणि कधी अळ्यांचा रसही उतरतो. यंत्रात फिरवून काढलेला मध स्वच्छ असतो आणि पोळे माशांना परत देता येते. गंमत अशी की परागांचा थोडा अंश असलेला मध अधिक जोमाने आंबतो, कारण परागांत नत्र असते आणि मधात त्याचीच वानवा असते. तरीही मी यंत्राने काढलेलाच मध घेतो. यीस्टचे पोषण दुसऱ्या मार्गाने करता येते, पण तोडलेले पोळे पुन्हा बांधायला माशांना पुष्कळ मध खर्ची घालावा लागतो.

मध उकळावा की नाही, हा मीड करणाऱ्यांमधला जुना वाद आहे. युरोपातल्या जुन्या पद्धतीत मध-पाणी उकळून वरचा फेस काढून टाकत. उकळल्याने मिश्रण निर्जंतुक होते आणि लवकर निवळते, पण त्याबरोबर गंधही वाफेवर निघून जातो. चरकसंहितेने तापवलेला मध निषिद्ध मानला आहे. त्यामागची तिची कारणे वेगळी असली, तरी वासापुरते मी तिच्याच बाजूने उभा आहे. मी पाणी उकळून गार करतो आणि त्यात मध न तापवता ढवळतो. ज्यासाठी सत्तरीपर्यंत जायचे, तेच चुलीवर उडवून टाकण्यात अर्थ नाही.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. सव्वा किलोला थोडा कमी, म्हणजे १.२ किलो मध, आणि एकूण द्रव चार लिटर होईल इतके पाणी. मधाचा साधारण ऐंशी टक्के भाग साखर धरला तर लिटरमागे सुमारे २४० ग्रॅम साखर येते, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०९०च्या आसपास तरंगतो, आणि सगळी साखर आंबली तर मद्यार्क बारा टक्क्यांच्या जवळ जातो. पोलंडच्या मोजणीत हे एकास तीनपेक्षा किंचित पातळ झाले. गोव्यात फेणीची तीव्रता ग्रावच्या मापाने मोजणारी माणसे अजून आहेत, त्यांना हायड्रोमीटर समजावून सांगावा लागत नाही. काचेची नळी द्रवात किती बुडते, यावरून आत काय आहे ते ओळखण्याची ही जुनीच रीत आहे. वाईनचे कोरडे यीस्ट कोमट पाण्यात भिजवून जागे करायचे आणि मग मिश्रणात सोडायचे. बरणी कधीही काठोकाठ भरायची नाही आणि घट्ट बंदही करायची नाही. आंबताना साखरेच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, म्हणजे या चार लिटरांतून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वायू निघतो. त्याला वाट मिळाली नाही तर काच फुटते. पाण्याचा एअरलॉक लावला की वायू बाहेर जातो, हवा आणि चिलटे आत येत नाहीत.

दोन बाबतींत मात्र मन लावून लक्ष द्यावे लागते, आणि मधाच्या वाईनचे बरेवाईट बहुतांशी तिथेच ठरते. एक म्हणजे नत्र. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारे पोषण असते, काजूच्या रसातही असते. मधात ते जवळजवळ नसते. उपाशी यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडते किंवा अर्ध्यातच थांबते. म्हणून पहिल्या काही दिवसांत, साखरेचा तिसरा भाग संपेपर्यंत, यीस्टचे खाद्य थोडे थोडे करून द्यायचे. डायअमोनियम फॉस्फेट वापरले तर एकूण लिटरमागे साधारण एक ग्रॅम पुरते. इथे एक सूचना ठासून सांगितली पाहिजे. शेतात घालतो ते डीएपी खत यासाठी कधीही वापरू नये. खाद्यपदार्थांसाठी शुद्ध केलेले वेगळे मिळते, तेच घ्यावे. पूड टाकण्याआधी मिश्रण हलके ढवळून वायू मोकळा करावा, नाहीतर फेस उसळून बरणीबाहेर येतो. मधात आम्लता सांभाळून धरणारे क्षारही कमी असतात, त्यामुळे आंबताना सामू (पीएच) झपाट्याने खाली येऊ शकतो आणि फार खाली गेला तर यीस्ट थबकते. तेव्हा चिमूटभर पोटॅशियम कार्बोनेट उपयोगी पडते.

दुसरी बाब तापमान, आणि ही खास आपल्या हवेची अडचण आहे. वाईनच्या पुष्कळ यीस्टना सोळा ते बावीस अंशांच्या दरम्यान निवांत काम करायला आवडते. तीस अंशांवर ते धावत सुटतात आणि जड, झणझणीत मद्यार्के तयार करतात, जी पुढे महिनोन्महिने घशाला जाणवत राहतात. गोव्यात मध निघतो फेब्रुवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका उकाडा वाढत जातो तेव्हा. काजूच्या रसाला हे चालते, कारण तो भाटीवर चढायचा असतो. मीड जसे आंबते तसेच प्यायचे असते. म्हणून मी मध निघाल्याबरोबर मीड घालत नाही. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, सामानाबरोबर मधही घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्यांत भरून ठेवतो, कारण मध हवेतले पाणी ओढून घेतो आणि आपला पावसाळा त्याला ते भरपूर पुरवतो. मीड घालतो डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीत, रात्री वीस-एकवीस अंशांपर्यंत उतरतात तेव्हा. जुन्या चिरेबंदी घराच्या आतल्या खोलीत पाण्याने भरलेल्या घंगाळात बरणी उभी करतो आणि तिच्याभोवती ओले सुती कापड गुंडाळतो. त्या दिवसांत हवा कोरडी असते, कापडातले पाणी उडत राहते आणि बरणी खोलीपेक्षा काही अंश गार राहते. दिवसा बाहेर बत्तीस अंश असले तरी उष्णता सोसणारे यीस्ट निवडले की एवढ्यावर भागते. मडक्यातले पाणी थंड करण्याची ही घरगुती विद्या यीस्टच्या कामी येते, याचा मला मनापासून आनंद होतो.

जोर ओसरायला दोन-तीन आठवडे लागतात. एअरलॉकमधले बुडबुडे आधी सेकंदांनी, मग मिनिटांनी मोजावे लागतात. त्यानंतर तळाला बसलेल्या फिकट गाळावरून द्रव नळीने दुसऱ्या भांड्यात उतरवतो. त्यासाठी मी वेताच्या विणीत बसवलेला फेणीचा जुना काचेचा गर्राफांव वापरतो. तो उजेड अडवतो आणि त्याचे तोंड अरुंद असल्याने वर हवा कमी राहते. या टप्प्यावर चव घेणाऱ्याची बहुधा निराशा होते. गोडवा गेलेला असतो, मद्यार्क टोचत असतो आणि मधाचा पत्ता नसतो. घाई करणारे इथे साखर घालून मोकळे होतात. ते करू नये. काही महिन्यांत द्रव आपसूक निवळतो, मेच्या सुमारास त्यातून पलीकडची अक्षरे वाचता येतात, आणि पुढचा पावसाळा उलटला की वास परतू लागतो. तो बाटलीतल्या मधाच्या वासासारखा नसतो. फुलोरा आलेल्या झाडाखाली उभे राहिल्यावर येतो, त्याच्या अधिक जवळचा असतो.

मसाले आणि फळे घालण्याचा मोह गोव्यात फार होतो, आणि तो अगदीच गैर नाही. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, आंबट साल मीडला छान धार देते. जांभळाचा रस त्याला रंग आणि तुरटपणा देतो. पण माझे स्पष्ट मत आहे की आधी नुसत्या मधाचे मीड करावे. दालचिनी आणि लवंग घातलेले मीड कोणत्याही मधाचे केले तरी दालचिनी-लवंगेचेच लागते, आणि मग सत्तरीचा मध काय आणि बाजारातला काय.

कायद्याबद्दलही थोडक्यात सांगतो. गोव्यात १९६४चा अबकारी कायदा लागू आहे. हे करू इच्छिणाऱ्याने आधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन परवान्याची चौकशी करावी. विक्रीचा तर विचारही परवान्याशिवाय करू नये. हे मद्य घरी भाटीवर चढवू नये. ज्यांना नुसती चव पाहायची आहे त्यांच्यासाठी आता पुणे आणि नाशिक येथे परवानाधारक मीड उत्पादक आहेत.

कुळागराचा आणि सत्तरीचा मध मी एकाच दिवशी, एकाच यीस्टने, शेजारी शेजारी आंबवले. मध म्हणून चाखताना दोघांत फरक आहे एवढेच कळत होते, नेमका कोणता ते शब्दांत सांगता येत नव्हते. मीड झाल्यावर मात्र कुळागराचे हलके, जवळजवळ ओल्या गवतासारखे निघाले, आणि सत्तरीचे गडद, जिभेच्या मागच्या भागावर बराच वेळ कडसर रेंगाळणारे. सत्तरीच्या भाऊंना मी दोन्ही दाखवली. त्यांनी घोट घेण्याआधी दोन्ही पेले नाकाशी धरले, आपला लगेच ओळखला, आणि म्हणाले, “हा शेवटच्या खेपेचा मध असणार. आधीच्या खेपेचा इतका कडू नसतो. दोन्ही एकत्र केलेला तुम्हाला दिला असता तर हे कळलेच नसते.”

ते खरे होते, आणि अडचण नेमकी इथेच आहे. बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीपासून मेपर्यंतचा मध एकाच पिंपात ओतला जातो, कारण गिऱ्हाईक नुसता ‘रानचा मध’ मागते आणि त्याला तेवढेच हवे असते. गोव्यातल्या मधपाळांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रत्येक खेपेचा मध वेगळा ठेवावा आणि बाटलीवर गावाचे नाव, काढणीचा महिना आणि जवळपास फुललेल्या झाडांची नावे लिहावीत. गिऱ्हाइकांना विनंती आहे की अशा बाटलीला त्यांनी चार पैसे अधिक द्यावेत. या वर्षी भाऊंनी मार्चचा आणि मेचा मध माझ्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे. जानेवारीत दोन बरण्या लागतील.